मेव्हण्याच्या गळ्यावरचा अंगठा

आमच्या खोऱ्यात घरी बिअर न करणारा माणूस म्हणजे एकतर पाद्री, नाहीतर मेलेला. पाद्रीही चोरून करतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कुणाच्या तरी अंगणात जमतो, लोखंडी सळीवर कोकरू भाजायला लावतो आणि गोल बसून प्रत्येकजण दोनच गोष्टी सांगतो: सध्या बाटलीत काय आहे, आणि पुढे हंड्यात काय चढणार आहे. सध्याच्या बिअरची एक बाटली सोबत आणायची. पुढचीचं नुसतं नाव घ्यायचं. पण ते नाव घेणं साधं नाही. जो आधी बोलला, त्याची ती बिअर. वर्षभर खोऱ्यात दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. या एका नियमापायी आमच्याकडे जेवढे दात पडलेत, तेवढे घोड्यांच्या लाथांनीही पडले नसतील. माझे स्वतःचे चार गेले. त्यातल्या दोनांच्या वेळी चूक माझीच होती.

त्या जानेवारीत जमायचं होतं नासारियोच्या घरी. आमच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि तो असा की पिल्त्रिकित्रोन डोंगरावरचा बर्फ वितळला तो थेट वाफ होऊन वर गेला, खाली पाणी आलंच नाही. कोंबड्या उकडलेली अंडी घालत होत्या. मी दोन खाल्ली. मीठ तेवढं कमी होतं.

नासारियो म्हणजे बैलाच्या ताकदीचा आणि बैलाएवढंच बोलणारा माणूस. त्याची बायको ओतीलिया खोऱ्यातली सगळ्यात चांगली बिअर करते, हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो ते कधी बोलून दाखवत नसे. तेव्हा तर दोघांचा अबोलाच होता. चाळीस दिवसांचा. कारण काय, तर नासारियोनं भांडी घासताना एक बरणी घासली. बरणीच्या तळाशी ओतीलियाचं यीस्ट होतं, अकरा हंड्यांमधून जपत जपत पुढे आणलेलं. नासारियोला वाटलं, गाळ आहे. दिसतो गाळच, पण आमच्यात माणूस एक वेळ बायकोचा वाढदिवस विसरेल, यीस्ट ओतून देणार नाही. तेव्हापासून दोघं एकाच हंड्यावर बिअर करत होती, एकाच टेबलावर जेवत होती, पण शब्द नाही. मीठ हवं असलं तर कुत्र्याला सांगायची, "त्याला म्हणावं मीठ दे." कुत्रा शहाणा. तो निरोप्याचं काम करायचा आणि दोन्हीकडून हाडं घ्यायचा.

या घरात तिसरं ताट असायचं ओतीलियाच्या धाकट्या भावाचं. ब्राउलियो. देखणा, गोडबोल्या, कामाला कधी न सापडणारा. "दाजी, दाजी" करत रोज जेवायला हजर. आणि बायको बोलत नाही म्हटल्यावर नासारियो मनातलं सगळं सांगणार कुणाला? मेव्हण्याला. तिथंच गाडं अडलं.

फेरी सुरू झाली दुपारी बारा वाजता, अक्रोडाच्या झाडाखाली. फेरी चालवतो ओटमार, आमच्यातला वडीलधारा. त्याचा नियम असा की फेरी एकदा सुरू झाली की संपेपर्यंत थांबायची नाही, घराला आग लागली तरी. एकदा लागलीही होती. शेवटचा माणूस बोलेपर्यंत छप्पर गेलं.

"सध्या गव्हाची," ओटमार म्हणाला. "पुढे पुन्हा गव्हाची. मला नव्याची हौस नाही."

"तीस वर्षं तेच," ब्राउलियो कुजबुजला. "चव यायची वाट बघतोय."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "सध्या देवदाराच्या कोंबांची. परवा तिचा एक थेंब माझ्या म्हाताऱ्या खेचराच्या पाण्यात पडला, तर ते रात्रीत डोंगर ओलांडून चिलीला गेलं आणि तिथं लग्न करून राहिलं."

"काका, पुढे काय ते सांगा," ओतीलिया म्हणाली. "खेचराची सोयरीक नको."

मग ब्राउलियो उठला. केस मागे सारले. "सध्या मधाची, फिकट. पुढे काळी. डोंगरावरच्या लेंगा झाडाच्या लाकडाच्या धुरावर जव भाजून."

मी नासारियोकडे पाहिलं. सहा महिने हा माणूस लेंगाचं लाकूड वाळवत होता. घरामागे धुराची भट्टी त्यानं स्वतःच्या हातांनी बांधली होती, एक एक दगड नदीवरून आणून. आणि ही गोष्ट त्यानं जगात एकाच माणसाला सांगितली होती.

"ब्राउलियो," नासारियो अगदी हळू म्हणाला, "शब्द मागे घे."

"बोललेलं मागे घेता येत नाही, दाजी. नियम आहे. विचारा ओटमारना."

ओटमारनं मान खाली घातली. नियम होता खरा.

नासारियो उठला आणि त्यानं हंडा ढवळायचं लाकडी वल्हं हातात घेतलं. माणसाच्या उंचीचं, ओकाचं. पहिला घाव ब्राउलियोच्या खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा जो आवाज झाला, तो मला आधी वल्ह्याचाच वाटला. पण ब्राउलियोही त्याच घरच्या भाकरीवर पोसलेला. त्यानं धगीवरची सळी कोकरासकट उपसली आणि नासारियोच्या तोंडावर आडवी हाणली. चर्र झालं. गालाच्या कातड्याचा वास मांसाच्या वासात मिसळला. नासारियोची भुवई फाटून डोळा रक्तानं भरला. आंधळ्यासारखं त्यानं वल्हं फिरवलं आणि ब्राउलियोचे समोरचे तीन दात माझ्या थाळीत येऊन पडले. मी ते काट्यानं बाजूला सारले. एक चुकून चावलाही.

"पुरे! मरेल तो!" ओतीलिया ओरडली. पण कुणाला उद्देशून, ते कळू दिलं नाही. अबोला म्हणजे अबोला.

तिसऱ्या घावाला ब्राउलियो आडवा झाला. नासारियोनं त्याला पाय धरून फरपटत नेलं आणि बाटल्यांच्या खोलीत टाकलं. त्या घरात कुलूप असलेलं दार तेवढंच. भिंती दगडी, वर पत्रा, आत त्यांच्या ताज्या बिअरच्या दोनशे चाळीस बाटल्या. कुलूप लावून किल्ली त्यानं मुठीत धरली आणि परत येऊन जागेवर बसला. गालावरून रक्त दाढीत गळत होतं.

"शुद्धीवर आला की शब्द मागे घेईल," तो म्हणाला. "नाहीतर आहेच तिथं."

"फेरी पुढे," ओटमार म्हणाला.

आता पाळी या दोघांची. ओतीलिया उठली, डोळे पुसले. "सध्या तांबूस बिअर, हॉप्स आमच्याच मळ्यातले. तीन आठवड्यांपूर्वी बाटल्यांत भरली." आणि तिनं बाटली ओटमारपुढे ठेवली.

ओटमारनं झाकण उचकटलं. नुसतं टोक लावलं म्हणा. झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं, वर घिरट्या घालणारा ससाणा त्यानं पाडला, आणि बाटलीतून जे कारंजं उडालं त्यानं अक्रोडाची पानं धुऊन काढली. शेवटी बाटलीत घोटभर उरली. ओटमारनं ती चाखली नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"साखर किती घातलीत?"

भरताना शेवटची साखर घालावीच लागते. यीस्ट ती खातं, वायू सोडतं, म्हणून तर फेस येतो. ओतीलियाची रीत म्हणजे साखरेचा पाक करून पिंपात ओतायचा. नासारियोची रीत वेगळी. तो प्रत्येक बाटलीत चमच्यानं टाकतो. यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून वाद. शेवटी ठरलं होतं की दर खेपेला एकमेकांना विचारायचं आणि एकानंच घालायची.

"लिटरला सहा ग्रॅम," ओतीलिया म्हणाली. "पाक पिंपात ओतला आणि झाकणं आणायला गावात गेले."

नासारियोनं हळूच मान वर केली. टेबलाखाली बसलेल्या कुत्र्याला म्हणाला, "तिला विचार, पिंपात कधी ओतला?"

"त्याला सांग, भरायच्या आधी. नेहमी ओतते तसा."

"तिला सांग..." नासारियोनं बाटल्यांच्या खोलीकडे पाहिलं. "तिला सांग, ती गावात गेल्यावर मी भरल्या. प्रत्येकीत चमचा टाकून. शिगोशीग."

कुत्र्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग तो उठला, अंगण ओलांडलं, फाटकाखालून सरपटत बाहेर गेला आणि नदीच्या दिशेनं जो पळत सुटला तो तीन दिवस परत आला नाही. आमच्यात सगळ्यात आधी कळलं ते त्याला.

खोलीतून पहिला धडाका आला.

एक बाटली फुटली की तिच्या काचा शेजारणीला लागतात, ती फुटते, तिच्या तिसरीला. पत्रा फुगून वर आला. दाराच्या फटीतून फेस वाहू लागला, आणि सुरुवातीला तो पांढरा होता.

"नासारियो!" ओतीलियानं त्याचे दोन्ही दंड धरले. चाळीस दिवसांनी त्याचं नाव तिच्या तोंडून निघालं. "माझा भाऊ आहे आत! आई मेली तेव्हा पदरात घातलेला. किल्ली दे!"

नासारियोनं मूठ उघडली. किल्लीकडे बघत राहिला. आम्हीही सगळे किल्लीकडेच बघत होतो. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्या माणसानं मूठ पुन्हा मिटली असती तर खोऱ्यात कुणी त्याला दोष दिला नसता. ओतीलिया सोडून.

"तू नाही जायचं," तो म्हणाला.

साठ लिटरचा हंडा त्यानं डोक्यावर उपडा घातला, खांद्यापर्यंत. छातीला गादी बांधली, आणि कुलूप चाचपडून उघडलं. आत शिरताच एकदम चार बाटल्या उडाल्या. हंडा घंटेसारखा वाजला. खाली नदीपल्याड लोक प्रार्थनेची वेळ झाली समजून गुडघ्यांवर बसले.

आता गंमत बघा. ब्राउलियो नुकताच शुद्धीवर आला होता. त्याला वाटलं, दाजी दारातून बंदुका झाडतोय. आणि दार उघडून आत काय येतं, तर डोक्याच्या जागी हंडा असलेला राक्षस. त्यानं हाताला आलेली बाटली हंड्यावर फोडली.

"अरे, मी न्यायला आलोय तुला!" हंड्यातून आवाज.

"न्यायलाच आलायस, माहितेय मला कुठं ते!" आणि ब्राउलियोनं गादीत लाथ घातली.

दोघं फुटत्या बाटल्यांत लोळले. काचा पावलांत, कोपरांत, मांड्यांत घुसत होत्या. नासारियोनं त्याचे केस धरून त्याचं डोकं दगडावर आपटलं, वाचवण्यासाठी, दुसरा उपाय नव्हता. ब्राउलियोनं त्याच्या हाताचा चावा घेतला, दात होते तेवढ्यांनी. दारापर्यंत येता येता मागे उरलेली शेवटची पेटी एकदम गेली. पत्रा उडाला तो शेजारच्या तालुक्यातल्या मेंढ्यांवर जाऊन पडला. दोघं अंगणात येऊन आदळले.

ब्राउलियोच्या कानाखाली, मानेत, बोटाएवढी काच रुतली होती. तो मूर्खासारखी ती उपटायला गेला आणि उपटलीच. रक्ताची चिळकांडी टेबलाच्या चादरीवर गेली.

नासारियोनं हंडा फेकला आणि त्या भोकावर अंगठा रोवला.

"गाडी!" तो माझ्यावर ओरडला.

दवाखाना गावात, चाळीस किलोमीटर, रस्ता सगळा खडीचा. माझ्या पिकअपच्या मागच्या फळीवर तिघं: ब्राउलियो पाठीवर, नासारियो त्याच्या गळ्यावर हात ठेवून, ओतीलिया दोघांमध्ये. मागची काच कधीच फुटलेली, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"माझ्या गळ्यावर हात ठेवायची तुझी इच्छाच होती, दाजी," ब्राउलियो फेसाळत म्हणाला.

"होती. बोलू नकोस."

"काळी बिअर मीच करणार."

"परत दे ती. आत्ता. ओतीलिया साक्षीला आहे."

"नाही देत."

मी आरशात पाहिलं. अंगठा सैल झाला. थोडासाच. रक्त बोटांमधून वर आलं, ब्राउलियोचे डोळे फिरले. ओतीलियानं फळीवरचा जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि नवऱ्याच्या कानशिलाला टेकवला.

"नासारियो. हा मेला तर दवाखान्यापर्यंत तूही पोचणार नाहीस. दाब."

"तो चोर आहे, ओतीलिया."

"चोर आहे. दाब. आणखी दाब."

त्यानं दाबला. मी गाडी अशी हाकली की पुढची दोन चाकं जमिनीला फक्त वळणांवर लागत होती. पाऊण तासभर त्या अंगठ्यानं हूं की चूं केलं नाही. नासारियोच्या स्वतःच्या मांडीतून रक्त वाहून बुटात साचत होतं, ते त्यानं पाहिलंही नाही. ब्राउलियो शुद्धीत येई तेव्हा त्याला शिव्या देई, आणि नासारियो म्हणे, "दे, दे. जिवंत आहेस तेवढं कळतं."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हात काढा आता."

"आधी टाका घाला."

"तुम्ही हात काढल्याशिवाय कसा घालू?"

"मला नाही माहीत. काढणार नाही."

शेवटी त्याच्या अंगठ्याच्या कडेकडेनं, एक एक मिलिमीटर सरकवत, बाईंनी टाके घातले. नऊ. अंगठा वाकडाच राहिला होता, तो सरळ करायला दोन माणसं लागली. बाईंनी कपाळ पुसलं. "वाचला," त्या म्हणाल्या.

ओतीलिया भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली.

ब्राउलियोनं डोळे उघडले. समोर नासारियो उभा, दाढीत रक्त वाळलेलं. मला वाटलं, आता गळ्यात पडतात.

"वाचला ना नक्की?" नासारियोनं बाईंना विचारलं.

"हो. नक्की."

नासारियोनं डाव्या हाताची मूठ वळली आणि ब्राउलियोच्या नाकावर जी ठेवून दिली, की तो खाटेसकट भिंतीपर्यंत गेला. बाईंनी सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला.