शाळेतली तारीख

इझिकेलच्या घरात सात पोरं, आणि सातही घरातच शिकायची. सगळ्यांत थोरली डेबोरा, आणि तीच बाकीच्यांची मास्तरीण. सकाळची भांडी घासून झाली की पडवीत गोणपाट अंथरायचं आणि पाट्या वाटायच्या. आरोन अकरा वर्षांचा, त्याचे अपूर्णांक चाललेले. शीरा नऊची, तिचं गाडं तेराच्या पाढ्यावर अडलेलं. तिच्या खालची तिघं अक्षरं गिरवायची आणि शेंडेफळ एलियाह डेबोराच्या मांडीवर बसून पेन्सिल खायचा. गाव हसायचं. हसेना का! पोरं चांगली हुशार निघाली होती, आणि त्याचा डेबोराला केवढा अभिमान होता.

हे सगळं झालं एका शनिवारापायी. सहा वर्षांपूर्वी डेबोरा सातवीत होती आणि वार्षिक परीक्षेतला गणिताचा पेपर नेमका शनिवारी आला. इझिकेलचं घर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि त्यांच्यात शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, कोणी लेखणी हातात धरत नाही. इझिकेल गावच्या शाळेत काळुराम गुरुजींना भेटला, हातापाया पडला. गुरुजी म्हणाले, "एका पोरीसाठी सगळ्या शाळेचा पेपर कसा हलवू, तूच सांग!" झालं! इझिकेलचं डोकं फिरलं. "माझं एक पोर आता तुमच्या शाळेची पायरी चढणार नाय," असं सगळ्यांदेखत बोलला, आणि बोलला ते करून मोकळा झाला. डेबोराला काढलं, बाकीच्यांना कधी घातलंच नाही. वर्षभर त्यानं हौसेनं स्वतः शिकवलं. मग नागोठण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे काम लागलं, शिफ्टमागून शिफ्ट सुरू झाल्या, आणि पोरांचं शिकवणं डेबोराच्या गळ्यात पडलं. तेव्हा ती असेल बारा-तेरा वर्षांची. तुला जमेल का गो, असं कोणी तिला विचारलं नाही.

आता तर सगळं आवरून इस्राएलला जायचं ठरलं होतं. रोह्याकडची त्यांची माणसं एकेक करून कधीच गेली होती; जवळचं असं उरलं होतं ते इझिकेलची पेणची बहीण सरू, तेवढीच. सणाला प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवायचे म्हटले तरी इझिकेलला नागोठण्यापासून पेणपर्यंत निरोप धाडावे लागत. अर्ज वर्षापूर्वीच गेला होता. माघ लागला तशी इझिकेलच्या बायकोनं, हन्नानं, आवराआवर काढली. कोंबड्या शेजारच्या सगुणाला दिल्या, पाटा-वरवंटा कोणी नेईना म्हणून तसाच राहिला, आणि अंगणात वाळत घातलेले वाल कोणाला द्यायचे यावर नवरा-बायकोचं रोज वाजायला लागलं. डेबोरानं त्या पसाऱ्यालाच शाळा करून टाकलं. पोरांकडून सामानाच्या याद्या लिहून घेतल्या. माणशी वीस किलो, तर नऊ माणसांचे किती? शीरानं बोटं मोजत मोजत एकशे ऐंशी सांगितले.

आणि खरं सांगायचं तर जाण्याची सगळ्यांत जास्त घाई डेबोरालाच होती. तिकडे गेलेल्या काकांचं पत्र आलं होतं. तिकडे म्हणे मोठ्या पोरींनाही शाळेत बसवतात आणि शनिवारी शाळाच नसते! तेवढी ओळ तिनं इतक्या वेळा वाचली होती की कागद तिथं मऊ पडला होता. राहिलेली शाळा पुरी करायची, आणि मग खरीखुरी मास्तरीण व्हायचं. एवढं एकच मागणं होतं पोरीचं.

मुंबईच्या कचेरीतून पाकीट आलं ते मंगळवारी. इझिकेलनं पडवीत उभं राहून मोठमोठ्यानं नावं वाचली. स्वतःचं, हन्नाचं, आरोनचं, शीराचं, असं करत एलियाहपर्यंत आला आणि थांबला. पाकीट उलटं करून झटकलं. आत एक चिठ्ठी होती. डेबोराला अठरा वर्षं पुरी झाल्यामुळे तिला आईबापाच्या अर्जात धरता येत नाही, तिनं वेगळा अर्ज करावा, त्याला वर्ष लागेल, कदाचित दोन. बाकी आठ जणांची तिकिटं पुढच्या महिन्याची. ती चुकवली तर पुन्हा सगळ्यांत शेवटचा नंबर.

"अठरा?" हन्ना ओरडलीच. "अहो, ही शिळ्या सणाला झालेली! मना काय ठाव नाय? येत्या दसऱ्याच्या सुमारास अठरा होतील तिला."

दारफळणीचा मोठा उपास झाला की दुसरा दिवस तो त्यांचा शिळा सण. त्या दिवशीची कळ हन्ना कशी विसरेल? पण कचेरीला आईची कळ चालत नाही, कागद लागतो. धाकट्या सहांचे कागद इझिकेलनं अर्जाच्या वेळी तहसिलीत प्रतिज्ञापत्र घालून केले होते, मनातल्या तारखा घालून. डेबोराचा मात्र शाळेचा दाखला होता. सरकारी शिक्क्याचा, पक्का! इझिकेलनं तो तेव्हा न वाचताच लावून दिला होता.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक शाळेत गेले. सहा वर्षांनी इझिकेल ती पायरी चढला. गुरुजींनी पाणी दिलं, मागचं काही काढलं नाही, मुकाट्यानं जुनं रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं. जन्मतारीख, एक जून एकोणीसशे सत्त्याहत्तर. खरी तारीख होती अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरातली.

"गुरुजी, तुम्ही चुकलाव," इझिकेल म्हणाला. "सव्वा वर्ष जास्ती लिवलंय तुम्ही."

"मी नाय चुकलो, इझिकेलभाऊ." गुरुजी हळूच म्हणाले. "आठवा जरा. पोर पाच वर्षांचीपण नव्हती. तुम्हीच खांद्यावर घेऊन आलात नि म्हणालात, गुरुजी, वय वाढवून लिहा, पण हिला आत्ताच बसवून घ्या, माझी पोर लय हुशार हाय. मी नको नको म्हणत होतो."

इझिकेलनं रजिस्टर स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. डेबोराला एकदम भरून आलं. बाबांनी आपल्याला खांद्यावर बसवून शाळेत आणलं होतं, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आता कळलं तेही असं!

"बदलता येईल का वो?" तिनंच विचारलं.

"नाव काढल्यावर रजिस्टरला हात लावता येत नाय, बाळा. माझी नोकरी जाईल." गुरुजींचे डोळे खाली होते. "तू परत आली असतीस तर तुझा पेपर मी रविवारी घेतला असता. मी वाट बघत होतो."

आता बोला! सहा वर्षांनी ऐकून काय उपयोग त्याचा? शाळेत गेलेली अशी ती घरातली एकटीच, आणि तारीखही तिचीच आडवी आली. जी कधी गेलीच नाहीत ती सगळी सुखरूप बसली.

पुढचे दोन दिवस त्या घरात कोणी कोणाकडे सरळ बघेना. इझिकेल शिफ्टला गेला नाही, जेवला नाही, नुसता खाटेवर बसून राहिला. हन्ना पेटी उघडायची, काहीतरी आत ठेवायची, पुन्हा बाहेर काढायची. डेबोरा पडवीत पाढे म्हणून घेत होती खरी, पण कान घरात होते. ती एका वाक्याची वाट बघत होती. 'पोरीला टाकून आम्ही नाय जात', बस, एवढंच कोणीतरी म्हणावं. त्यावर ती स्वतःच भांडणार होती, नाही, तुम्ही जा म्हणून हट्ट धरणार होती. तिनं सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. पण आधी कोणीतरी म्हणायला तर हवं!

शुक्रवारी दुपारी सगळी पानावर बसली. वालाचं बिरडं होतं, भात होता. इझिकेलनं पुन्हा ताट बाजूला सारलं. पोरं घास हातात धरून बापाकडे बघत राहिली. एलियाहनंसुद्धा हट्ट केला नाही. डेबोरानं आईकडे पाहिलं. हन्नानं मान वर केली नाही. आणि मग डेबोराला कळून चुकलं की ही सगळीच एका वाक्याची वाट बघतायत, आणि ते वाक्य तिचं आहे.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी येईन मागनं. तोवर पेणला ऱ्हाईन, सरूआत्याकडं."

नको म्हणा. अजून तरी नको म्हणा. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

हन्नानं पदरानं डोळे पुसले. "त्येच बरं पडंल गो," ती म्हणाली. "आत्या खाटंला खिळलीया. तिलाबी कुनीतरी पायजेच होतं."

आरोनला घास लागला, शीरानं त्याच्या पाठीत थापट्या मारल्या, आणि एकदम सगळी पोरं बोलायला लागली.

इझिकेलनं ताट पुढं ओढून घेतलं. दोन दिवसांचा उपाशी माणूस, खाली मान घालून भराभरा जेवला. मग त्यानं ताट डेबोरापुढं धरलं आणि म्हणाला, "वाईच भात वाढ."

तिनं वाढला.