तीन शिंकांचं कुरण

नेदर कोम्बच्या चर्चचं छप्पर इतकं गळायचं की एका वसंतात तिसऱ्या बाकावर बदकिणीने अंडी घातली. चर्चचा कारभारी ओबडाया क्रेक याने तिच्याकडेही बाकाचं भाडं मागितलं, आणि तिने दिलं नाही तेव्हा एक अंडं जप्त केलं. खोटं वाटत असेल तर राहू द्या. पण क्रेकला ज्याने पाहिलं होतं, त्याला ते खोटं वाटलं नसतं.

बाकांच्या भाड्यातून मेणबत्त्या आणि घंटेचा दोर एवढंच सुटायचं. छपरासाठी गावावर पट्टी बसवावी, तर अर्धा गाव नव्या पंथाच्या प्रार्थनाघरात जाऊ लागलेला. "तुमचं छप्पर, तुमचा पाऊस," म्हणून त्यांनी सभेत हात वर केले नाहीत. उरलं चर्चचं कुरण. दर ईस्टरनंतर वर्षभरासाठी त्याचा लिलाव व्हायचा, तोही वाडवडिलांच्या रीतीने. मेणबत्तीत टाचणी खोचायची, मेणबत्ती पेटवायची, आणि टाचणी गळून पडेल तेव्हा ज्याची बोली शेवटची, त्याचं कुरण. मेणबत्ती जळत असताना इतर बोलणं बंद. कोणाच्या तोंडून एखादा शब्द निसटला, तरी ती त्याची बोली, एक पौंड चढवून. बोली मोडली तर दुप्पट दंड.

इतकी वर्षं ते कुरण तीन पौंडांत इनॉक टकेटला मिळायचं. त्याची एकुलती एक गाय, डॅमसन, तिथे चरायची, आणि तिच्या दुधालोण्यावर म्हातारा-म्हातारी जगायची. यंदा मात्र सायलस प्राउट, गिरणीवाला, बोली लावणार अशी कुणकुण होती.

"पाचाच्या वर आपल्याकडे फुटकी पेनी नाही," केझायाने नवऱ्याला चर्चच्या दारातच बजावलं. "तोंडाला कुलूप घाल."

"मी कुठे बोलतो?"

"तू? तू खुराड्यातल्या कोंबड्यांचाही रोज निरोप घेऊन झोपतोस!"

केझायाला धास्ती होती ती वेगळीच. कोणी शिंकलं की "देव तुमचं भलं करो" म्हटल्याशिवाय इनॉकला राहवत नसे. शिंकेसरशी जीव बाहेर पडतो आणि आशीर्वाद ऐकून माघारी येतो, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. त्यांची रोझ दोन वर्षांची असताना पाळण्यात शिंकली, तेव्हा इनॉक बुटाची नाडी बांधत होता. आधी नाडी, मग आशीर्वाद, म्हणाला. आठवड्यात पोर गेली. तेव्हापासून तो गाईची शिंकसुद्धा वाया जाऊ देत नसे. हे गावाला ठाऊक होतं. कारभाऱ्यालाही.

"काय रे इनॉक, गाईला नाही आणलंस?" प्राउट खिदळला. "तुमच्या दोघांत अक्कल तिलाच!"

"गप्प!" क्रेक म्हणाला आणि त्याने मेणबत्ती पेटवली.

"चार," प्राउट म्हणाला.

"पाच," इनॉक म्हणाला, आणि त्याने ओठ घट्ट मिटले.

प्राउटने नकारार्थी मान हलवली आणि हाताची घडी घातली. मेण वितळत टाचणीपर्यंत आलं. टाचणी कलली. केझायाने डोळे मिटले.

गावच्या कामात माशी शिंकते म्हणतात. नेदर कोम्बमध्ये खुद्द कारभारी शिंकला. त्याने खिशातली डबी काढून चिमूटभर तपकीर ओढली, वर छपराच्या भोकांकडे पाहिलं, आणि अशी शिंक दिली की घंटा आपोआप वाजली. शिंक म्हणजे काही शब्द नव्हे.

इनॉकचा चेहरा लाल झाला, मग निळा. केझायाने त्याच्या पायावर पाय दिला.

"देव तुमचं भलं करो."

क्रेकने फळ्यावर खडूने सहाचा आकडा काढला.

दुसऱ्या शिंकेला इनॉकने टोपी तोंडात कोंबली; आशीर्वाद टोपीतून आला. तिसऱ्या शिंकेला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याच्या शब्दापाठोपाठ टाचणी ताटलीत पडली.

"आठ पौंड. इनॉक टकेट," क्रेक म्हणाला.

"ती शिंक खोटी होती!" केझाया ओरडली.

"शिंक देवाची असते, बाई. छप्परही देवाचंच."

कमी पडलेल्या तीन पौंडांसाठी डॅमसन विकावी लागली. घेतली प्राउटने, अडलेला पाहून, बरोबर तीन पौंडांत. तो तिला घेऊन गेला, तेव्हा इनॉक हातात कुरणाच्या फाटकाची किल्ली घेऊन उभा होता.

त्या वर्षी गवत असं माजलं की त्यात पाद्रीबुवांचं घोडं हरवलं, ते ऑगस्टात सापडलं. इनॉकने गवत कापून विकायला रचलं. मग पाऊस लागला. नव्या शिशाच्या छपरावरून तो चर्चबाहेर निथळत राहिला, आणि कुरणात सगळं गवत काळं पडून कुजलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी क्रेकला खरंच पडसं झालं होतं. प्रवचनाच्या मध्यात तो शिंकला. बारीक, ओली, आजारी शिंक. सगळ्या माना मागच्या फुकट बाकाकडे वळल्या. क्रेकनेही मागे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

इनॉक खाली वाकला होता. बुटाची नाडी बांधत होता.