दिवेलागणीची हळद

औरंगाबादच्या न्यायालयात, आरोपीच्या पिंजऱ्यात फकिराला क्षणभरही स्वस्थ उभे राहवत नव्हते. शेजारची सारजाबाई देवळात गेल्यावर त्याने तिच्या दाराची कडी काढून जखमी बैलासाठी हळद नेली होती. तिच्या मुलाने फिर्याद केली.

"कडी काढली की घरफोडीच," वकील अनंतरावांनी बजावले होते. "सूर्यास्तानंतरची ठरली, तर शिक्षा अधिक कठोर. वेळ दुपारची सांग."

न्यायाधीशांनी विचारले, "हळद मागितली नाहीस?"

"मागितली, सायेब. मावशी नाय म्हणली."

"का?"

साक्षीला आलेली सारजाबाई मान खाली घालून उभी होती. दुपार म्हटली, तर ती साऱ्या गावासमोर निर्दय ठरणार होती. फकिराने अनंतरावांवरची नजर काढून न्यायाधीशांकडे वळवली.

"दिवे लागले व्हते, सायेब. त्या वक्ताला घरातली हळद कोन देतं?"