रंगाखालचा तडा

मित्रांनो, मी सफरचंदाच्या बागेतली एक जुनी शिडी. हार्डांगरच्या फियोर्डकाठी, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठी, गुडवेगच्या वाडीत माझा जन्म गेला. खरं सांगू? आता फार दमले आहे.

गुडवेगच्या सासऱ्यांनी मला पाइनच्या लाकडातून घडवलं. तेव्हा झाडं उंच होती. नवी सून गुडवेग माझ्यावर चढूनच फळं उतरवायला शिकली. ती जोरात हिसका द्यायची, तेव्हा सासरे खालून ओरडायचे, "अगं, सफरचंद आहे ते, गाईचं आचळ नाही!" ती इतकी हसायची की माझ्या पायऱ्या हलायच्या.

मग तारांना बांधलेली बुटकी झाडं आली. उभ्या उभ्या हात पुरतो, शिडी कशाला? उंच झाड एकच उरलं, तेही गुडवेगच्या हट्टापायी.

मे महिन्यात फुलोरा बघायला बसगाड्या भरभरून पाहुणे येतात. गुडवेगच्या मुलानं, स्यूरनं, मला पांढरा रंग फासून फाटकाशी ठेवलं. माझी तिसरी पायरी तडकली होती, ती रंगात झाकून गेली. जो तो चढायचा, फोटो काढायचा, उतरायचा. टोपली कुणाच्याच हातात नसायची.

एकदा एक चिमुरडी चढली. तिसरीवर तिचा पाय पडताच मी जीव खाऊन कुरकुरले. गुडवेग धावत आली, तिनं पोरीला उचललं आणि नखानं रंग खरवडला.

"स्यूर, हा तडा तुला दिसला नव्हता?"

"दिसला होता गं आई. म्हटलं, रंगाचे दोन हात मारले की झालं. शोभेचीच तर आहे!"

"मीही म्हातारी झालेय. मलाही फास रंग, आणि ठेव फाटकाशी!"

"बरं बाई, चुकलं. जूनच्या होळीत टाकतो तिला."

सेंट जॉनच्या सणाला आमच्या काठावर मोठी होळी पेटते. फुटक्या होड्या, मोडकी खोकी, सगळं तिच्यात जातं. स्यूरनं मला त्या ढिगावर नेऊन टाकलं. सुटले एकदाची, असंच मला वाटलं.

तेवढ्यात गुडवेग करवत घेऊन आली. तिनं माझ्या पायऱ्या कापून होळीला दिल्या आणि दोन्ही दांडे ओढत घरी नेले. यंदा ते उंच झाड इतकं लगडलं की फांद्या मोडायला आल्या. तिनं माझे दांडे त्यांच्याखाली टेकू म्हणून लावले.

"मला आता चढवत नाही," ती म्हणाली. "तू तरी धर गं बाई."

मित्रांनो, जुन्या वस्तूचं दुखणं रंगानं झाकू नका, आणि तिला आगीत लोटण्याआधी एकदा विचारा, अजून काय पेलशील? माझा थकवा काही गेलेला नाही. पण फांदीला ते कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.