लिफ्टच्या खेळाला मिळालेलं गिऱ्हाईक

“कोणी मानणार नाही, तूही मानू नकोस,” लिफ्टवाल्यानं फोनवर धाकट्या बहिणीला बजावलं, “पण माझा खेळ सगळं जग खेळतंय.”

जग म्हणजे किती जण, हे ती विचारणार तोच त्याला खोकल्याची मोठी उबळ आली. ती त्यानंच आणली होती.

त्याचा उभा जन्म इमारतींच्या पोटात गेलेला. अधांतरी अडकलेली लिफ्ट तो नुसता खाकरून खाली आणतो, असं लोक सांगत. लोक म्हणजे मुख्यतः तो स्वतः. पण काम सुटलं, पाठोपाठ बायको गेली, आणि खोली एवढी मोठी झाली की या भिंतीशी बोललेलं त्या भिंतीपर्यंत पोचेतो कपातला चहा निवायचा.

मग त्यानं कॉम्प्युटर जमवला. पेटी मेलेल्या ओव्हनची, पंखा न्हाणीघरातला, स्क्रीन दातांच्या डॉक्टरनं फुटला म्हणून टाकून दिलेला. यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कागद शेजाऱ्यांकडे राहायला जात आणि शेजाऱ्यांचं मांजर पेटीवर ऊब घ्यायला येई. दिवसभरात तो बोले ते त्याच्याशीच.

फुकटचे व्हिडिओ बघून तो प्रोग्रॅम लिहायला शिकला. त्यातले निम्मे त्याला न समजणाऱ्या भाषेत होते, पण हातवारे समजत. खेळ लिफ्टचाच केला: मजल्यामजल्यावर माणसं ताटकळलेली, ज्याला जिथं जायचंय तिथं त्याला नेऊन सोडायचं. सगळी माणसं थोडी त्याच्या बायकोसारखी चालत. दुसरी चाल त्याला जमलीच नाही.

बहिणीच्या मते हे सगळं खूळ होतं. एकटाच भुतासारखा बसतोस, त्यापेक्षा माझ्याकडे ये, असा तिनं धोशा लावला होता. शेवटी ठरलं की खेळ नेटवर फुकट टाकायचा आणि महिन्याभरात लोक खेळू लागले नाहीत तर ओव्हनसकट सगळं भंगारात देऊन त्यानं मुकाट तिच्या घरी जायचं. त्यानं शब्द दिला. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द तो बिनदिक्कत मोडत आलेला, पण बहिणीपुढं ती टाप नव्हती.

खेळाच्या पानावर खेळणाऱ्यांचा आकडा दिसे. रोज सकाळी तोंड न धुता तो बघे, शून्य. पुढं पुढं त्या गोल शून्याचीही सोबत वाटू लागली. आज महिना सरत आला, आणि दुपारी शून्याचा एक झाला. त्यानं ही बातमी मांजराला सांगितली. मांजर उठून गेलं.

पण एक म्हणजे चुकून, असं बहीण म्हणेल. म्हणून फोन लावता लावता त्यानं एकाचे शंभर केले, शंभरांना देश वाटून दिले आणि त्यातला एक इंजिनीअर बनवला. हा इंजिनीअर म्हणे रोज संध्याकाळी ताट बाजूला सारून लिफ्ट चालवतो आणि त्याची बायको माहेरी जायच्या गोष्टी करते. बहीण नुसती “हं” म्हणत होती. तिचं हं जसं कोरडं पडत गेलं तसा त्याला चेव चढला.

“आणि लिहिलंय काय त्यानं, सांगू? म्हणतो, सगळ्यात भारी तो लिफ्टचा दोर. काळाभोर, ताठ, अगदी खरा. अगं, जन्मभर दोर तपासलेत मी. जाणकाराला ते दिसणारच.”

पेटीतला पंखा घरघरत होता.

“दादा,” ती म्हणाली, “आकडा एकच आहे, आणि ती मी आहे. दुपारी सगळे मजले फिरून आले. खेळात दोर नाहीच, लिफ्ट नुसती हवेत लटकलीय. तुझ्या त्या फुटक्या स्क्रीनवर मधोमध काळी रेघ आहे ना, तिलाच तू दोर समजतोयस. सामान भंगारात द्यायचं राहू दे सध्या. आधी त्या लिफ्टला दोर लाव.”