कागदाऐवजी दिलेली चटई

मी एक जुनी चटई आहे. पण मित्रांनो, चटई म्हटल्यावर लगेच मांडी घालायला पुढे येऊ नका. माझ्यावर कोणी बसत नाही. निदान आमच्या सामोआत तरी नाही.

माझा जन्म केवड्याच्या पातीतून झाला. मलिया नावाच्या बाईने ती पात उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, उन्हात वाळवून पांढरी केली आणि चिरून चिरून सुतासारखी बारीक केली. मग कित्येक महिने ती माझ्यावर वाकून विणत राहिली. तिची कंबर गेली, डोळे अधू झाले, पण मी कापडासारखी मऊ झाले. माझ्या काठाला तिने लाल पिसे लावली. पहिल्यांदा एका लग्नात दोन बायकांनी मला उलगडून मिरवले, तेव्हा सारे गाव ओरडून माझे कौतुक करत होते. पुढे मी मयतीला गेले, पुन्हा लग्नांना गेले, घरोघर फिरले, पण जमिनीला कधी टेकले नाही. आमच्याकडे मला अंथरत नाहीत, मला देतात. ज्याने मला घेतले त्याने देणाऱ्याला आपले मानले, असा त्याचा अर्थ. मग त्या माणसाला दारातून हाकलता येत नाही. या गोष्टीचा मला फार ताठा होता.

फिरत फिरत मी मलियाच्या मुलीकडे, पेनिनाकडे आले. पेनिना वृद्धाश्रमात काम करायला ऑस्ट्रेलियात केर्न्सला आली, तेव्हा मी तिच्या पेटीच्या तळाशी होते. तिची मुलगी लांगी आजीपाशी, मलियापाशी राहिली होती. जुलैच्या सत्रापर्यंत लांगीला आणून शाळेत घालायचे, एवढे एकच वेड पेनिनाच्या डोक्यात होते. शाळेला मात्र राहत्या घराचा लेखी करार दाखवावा लागे.

तिच्यापुढे दोन घरे होती. एक गावाबाहेर, उसाच्या मळ्याला लागून. कळकट, बसथांब्यापासून लांब, पण वर्षभराच्या कराराचे. दलाल किल्ली द्यायला तयारच होता. दुसरे समुद्राजवळ, ग्लेनिस नावाच्या बाईच्या परसातली खोली. पेनिना उतरली होती तिथेच. ही खोली आठवड्याच्या बोलीवर मिळे. हंगामात ग्लेनिस ती पर्यटकांना देई, पण पावसाळ्यात तिकडे काळे कुत्रेही फिरकत नसे. बंद खोलीला बुरशी धरते, म्हणून तिला कोणीतरी राहणारे हवेच होते.

ग्लेनिस गोड होती. रविवारी भाजलेले मांस आणून द्यायची, पेनिनाला आपल्या टेबलावर जेवायला बसवायची. पेनिनाने कराराचा विषय काढला की हसायची.

"कागद कशाला ग राणी? तू काय परकी आहेस? हवं तितकं राहा. मुलगी येऊ दे, मग लिहून देईन काय हवं ते."

वृद्धाश्रमात पेनिनाबरोबर इपीमावशी कामाला होती. तीही सामोआचीच, पण इथे राहून म्हातारी झालेली. तिला हे अजिबात पटले नाही.

"पाऊस पडतोय म्हणून गोड बोलतेय ती," इपीमावशी म्हणाली. "ऊन पडू दे, मग बघ तिचा रंग. गुपचूप उसाकडचं घर घे. वर्षाचा कागद कर आणि मोकळी हो."

"मावशी, जिच्या ताटात जेवले तिला कागद माग म्हणता? मला नाही जमणार."

"मग लेकीला कुठे ठेवशील? पेटीत?"

पेनिनाला ते झोंबले. दुसऱ्याच दिवशी तिने मला पेटीतून काढले. स्वच्छ कपडे घालून, मान खाली घालून, दोन्ही हातांवर धरून तिने मला ग्लेनिसला दिले.

"अय्या, किती सुंदर!" ग्लेनिस म्हणाली आणि तिने मला घेतले.

झाले! पेनिनाच्या मते करार झाला. खरे सांगते, माझ्याही मते झाला. तिने उसाकडच्या घराला नकार कळवला. ते घर त्याच आठवड्यात दुसऱ्या कुटुंबाने उचलले. पेनिनाने लांगीचे तिकीट काढले.

मग पाऊस थांबला, आकाश निळे झाले. एका सकाळी ग्लेनिस मला घेऊन परसातल्या खोलीत आली आणि तिने मला जमिनीवर अंथरले. जमिनीवर! माझ्या काठाशी तिने शिंपले मांडले आणि बूट न काढता माझ्यावर उभी राहून पर्यटकांना दाखवायला खोलीचे फोटो काढले. मित्रांनो, त्या क्षणी मला मलियाची वाकलेली पाठ आठवली.

पेनिना कामावरून आली तेव्हा ग्लेनिस दारातच होती.

"राणी, शनिवारपर्यंत खोली रिकामी लागेल हं. सिडनीची माणसं येतायत. पुढचा सगळा हंगाम भरलाय."

"पण तुम्ही चटई घेतलीत," पेनिना म्हणाली.

"अग, भेट होती ना ती? परत हवीय का? घेऊन जा की!"

पेनिना माझ्याकडे पाहत राहिली. दिलेली चटई परत मागणे म्हणजे आपल्या आईला मान खाली घालायला लावणे. हे ग्लेनिसला ठाऊक नव्हते आणि तिने विचारलेही नाही.

"नको," पेनिना म्हणाली.

त्या हंगामात केर्न्समध्ये वर्षाच्या करारावर एक खोली मिळेना. पेनिना रोजच्या भाड्याने खाट देणाऱ्या एका धर्मशाळेत गेली. खाटेचा करार कोणती शाळा मानणार? जाण्याआधी खोलीच्या पायरीवर बसून तिने लांगीला फोन केला. मी आत जमिनीवर होते. मला सगळे ऐकू आले.

"लांगी, आत्ता नको येऊस. पुढच्या वर्षी बघू."

मग त्या पोरीने विचारले, "पण आई, तिने चटई घेतली होती ना?"

"घेतली होती."

"मग?"

पेनिनाने फोन ठेवला.

तेव्हापासून माझ्यावरून बॅगांची चाके फिरली. ओले पाय पुसले गेले, दारू सांडली. कोणाच्या तरी पोरांनी माझी लाल पिसे खेळायला उपटली. शनिवारी पाहुणे गेले की खोली झाडायला बाई येई. ती बाई पेनिनाच होती. धर्मशाळा महाग पडते, म्हणून तिने ग्लेनिसचेच हे काम धरले होते. लांगी अजून आजीपाशीच होती. पेनिना मला वळसा घालून चाले, पण माझ्याशी कधी बोलली नाही. मला त्याचा राग येई. घेऊन जा ना मला, असे मी मनात ओरडत असे.

आज ग्लेनिस म्हणाली, "ही चटई वास मारायला लागली. टाकून दे ग."

पेनिनाने मला उचलले. मला वाटले, सुटले! तिने लग्नात मिरवायला नेताना घालतात तशी माझी घडी घातली, उरलेली पिसे आत वळवली.

"अग, कचऱ्याची घडी कसली घालतेस?" ग्लेनिस हसली.

"सवय आहे," पेनिना म्हणाली आणि तिने मला कचऱ्याच्या डब्यात ठेवून झाकण लावले.

मित्रांनो, तुम्हीही कधी परदेशी जाल. तिथे कोणी मायेने जेवू घातले तर पोटभर जेवा, पण घराचा कागद त्याच दिवशी मागा. लाज वाटली तरी मागा. आणि तुम्हाला कोणी दोन्ही हातांनी काही दिले, तर घेण्याआधी विचारा, हे घेतल्यावर मी तुझे काय देणे लागतो? एवढे विचारायला फार वेळ लागत नाही. कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली आहे. तिकडे मलियाला कोणी सांगू नका. मी अजून ग्लेनिसच्या घरात मानाने आहे, असेच तिला वाटते.