ग्रुप_कसबा

"ग्रुप_कसबा, डेट_कसबा, ऑर्डर_कसबा! काका, हा डेटाबेस आहे की बसचा बोर्ड?"

अभिनवने हे सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं. श्यामसुंदर निमकरांनी डब्याचं झाकण शांतपणे लावलं.

"बसचा बोर्ड माणसं वाचून तरी चढतात," ते म्हणाले. "आपण एकोणीस वर्षांच्या कामावर तीन महिन्यांत न वाचता चढलात."

ऑफिस बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. तिथल्या माणसाचे केस वयाने पांढरे झालेत की पिठाने, हे धुतल्याशिवाय कळत नसे. मी निमकरांच्या शेजारच्या टेबलावर बसतो; त्यांचा कीबोर्ड झटकून निघालेल्या पिठाची भाकरी मी स्वतः खाल्ली आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने खाली गिरणीत चौकशी करावी.

याच ऑफिसातून एका रक्तपेढीचा प्रोग्रॅम चाले आणि निमकर तो सांभाळत. डेटाबेस काही शब्द स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवतो. ग्रुप, ऑर्डर, असे. रकान्याला तेच नाव दिलं की त्याला वाटतं हुकूमच आला, आणि तो अडून बसतो. बरं, दर नव्या आवृत्तीत ही यादी वाढते. निमकरांनी पाठांतराची भानगडच ठेवली नाही. प्रत्येक नावामागे खाली एक रेघ आणि आपली पेठ, कसबा. "पुण्यात नुसत्या नावावर पत्र पोचत नाही," ते सांगत, "आणि जगातलं कुठलंही यंत्र कसबा राखून ठेवणार नाही."

फक्त रिपोर्टच्या डोक्यावरही तीच नावं छापली जात. अभिनव टीम लीड झाल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये रक्तपेढीचे डॉक्टर त्यावरून हसले होते. ते हसू त्याला लागलं होतं.

"सगळे कसबे काढलेत मी. क्लीन नेम्स. सोमवारी लाइव्ह."

"ग्रुपचासुद्धा?"

"टेस्ट केलंय. चालतंय."

"तुमचे नवे स्क्रीन चालतील. तुमचं टूल प्रत्येक नावाला आपणहून अवतरणचिन्हं लावतं, म्हणजे हा हुकूम नाही, नाव आहे, हे डेटाबेसला कळतं. माझे जुने रिपोर्ट हाताने लिहिलेत. त्यांना कोण लावणार, आपले तीर्थरूप?"

"काका, तुम्हाला फक्त अडवायचं असतं. मॅनेजमेंटशी बोललोय मी. सोमवार नीट गेला की तुमची गरज नाही."

"आणि नाही गेला तर?"

"जाणार."

निमकरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नोकरी जाईल हे त्यांनी मनोमन धरलंच होतं. हवं होतं ते एवढंच, की काम धडधाकट दुसऱ्याच्या हाती देऊन जिना उतरावा. त्यांनी रिपोर्टबद्दल सविस्तर मेल लिहिला. उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला.

सोमवारी साडेदहाला रक्तपेढीतल्या कल्याणीचा फोन आला, तो थेट निमकरांना.

"काका, साठ्याचा रिपोर्ट उघडतच नाहीये! ओ निगेटिव्हच्या किती पिशव्या आहेत ते ऑपरेशन थिएटरवाले विचारतायत, मी काय सांगू?"

"फ्रीज उघड. हाताने मोज आणि बोर्डावर लिही. मोजल्याशिवाय कुणाला आकडा सांगू नकोस."

फोन ठेवून ते अभिनवच्या टेबलाशी गेले. तो लाल अक्षरांकडे बघत बसला होता.

"उठा."

"मी बघतोय ना!"

"बघताय ते दिसतंय. उठा."

तो उठला. आता जुनी नावं परत आणली तर नवे स्क्रीन पडले असते. म्हणून निमकरांनी आपलेच रिपोर्ट उघडले आणि अभिनवने ठेवलेल्या प्रत्येक नावाला हाताने अवतरणचिन्हं लावली, सेहेचाळीस ठिकाणी. तेवढा वेळ खालची गिरणीसुद्धा थांबली होती. पट्टा तुटला होता असं गिरणीवाला म्हणतो, पण त्याचा पट्टा बरोबर त्याच वेळी का तुटावा?

रिपोर्ट उघडला. कल्याणीने हाताने मोजलेला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला.

दुपारी अभिनवचा मेल सगळ्यांना गेला: जुन्या, हाताने लिहिलेल्या रिपोर्टमुळे अडचण आली, ती दूर केली आहे.

"खोटं काय आहे त्यात?" निमकरांनी नुसतं पाहिलं, तर तो म्हणाला. "एरर तुमच्याच रिपोर्टमध्ये होता ना?"

"होता."

"मग?"

"दुसऱ्या ओळीत दोन स्वल्पविराम पडलेत. एक काढा."

संध्याकाळी त्यांचं ओळखपत्र जमा करून घेतलं. निरोपाचा समोसाही नाही.

गुरुवारी ते रक्तपेढीत गेले, रक्त द्यायला. दर तीन महिन्यांनी ते जातात. मी सोबत जातो, तिथे बिस्किटं चांगली मिळतात. कल्याणी त्यांना बघून गडबडली, कारण तिच्या पाठीमागे सोमवारचा बोर्ड तसाच होता. खाली आठ रक्तगट आणि आजचे आकडे. वर, नेहमीच्या सवयीने लिहिलेला मथळा: ग्रुप–कसबा.

"रिपोर्ट आता येतो नीट," ती म्हणाली. "पण आम्ही रोज मोजून इथेही लिहितो. डॉक्टरांनीच सांगितलंय, पुसायचा नाही म्हणून."

निमकरांनी चष्मा सारखा केला.

"रेघ मध्ये काढलीस. ती खाली हवी."

त्यांनी अंगठ्याने रेघ पुसली, मार्कर घेऊन तळाशी दुसरी, सरळ काढली. मार्करला टोपण लावलं, जागेवर ठेवलं आणि डाव्या हाताची बाही वर दुमडत खाटेकडे गेले.